खुन्नस कोणासाठी?

काल संध्याकाळी त्रिमूर्तीनगरच्या टपरीवर पुन्हा तेच सुरू झालं. पेपरात चाकूनं खून आणि 'अल्पवयीन ताब्यात' दिसलं की निल्या पेटतोच. "सोळा वर्षांचा पोट्टा लहान राहते का बे? चाकू घरून घेऊन आला, म्हणजे ठरवूनच आला ना! टाका त्याले आत."

म्हटलं, भाऊ, टाकायची सोय आहे. निर्भया प्रकरणानंतर २०१५ चा नवा ज्युवेनाइल जस्टिस ॲक्ट आला, खुनासारख्या गुन्ह्यात १६ ते १८ चा पोरगा असला तर बाल न्याय मंडळ आधी बघतं की त्याला परिणाम कळत होते का, मग केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं. पण शांत बसवून विचारलं तर सोळाव्या वर्षी सगळंच कळतं रे! चार दोस्त बघून राहिले असले की तेच डोकं वेगळं चालतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर हे तपासलं होतं, दोस्त बाजूला असले की १३ ते १६ ची पोरं कितीतरी जास्त रिस्क घेत होती, मोठ्यांना तेवढा फरक पडत नव्हता.

संजूभाऊ कबड्डी शिकवतात, त्यांनी रोज पाहिलंय. "ज्याले घरी बाप पट्ट्यानं मारते ना, त्याले कोणी नुसतं पाहिलं तरी वाटते हा मले खुन्नस देऊन राहिला. चाकूही आधी भीतीपायीच खिशात येते."

"आणि जो मेला त्याच्या मायले हे सांगशील?" निल्या.

नाही सांगणार. तिला न्यायच पाहिजे, पूर्ण पाहिजे. पण पुढचा पोट्टा मरायच्या आधी थांबवायचा असेल तर तो कोणाला दाखवायला हात उचलतो हे बघावंच लागेल, आणि आपण ते बघतच नाही याचा मला खरंच त्रास होतो.

मागच्या महिन्यात याच टपरीसमोर दोघं भिडले होते, आठवी-नववीतले असतील. एकानं ढकललं, दुसरा पडला, उठला, आणि उठल्या-उठल्या त्यानं ढकलणाऱ्याकडे नाही, मागे मोबाइल धरून उभ्या असलेल्या आपल्याच दोस्तांकडे पाहिलं. मग वीट उचलली. मी जोरात ओरडलो, "मोबाइल खाली कर बे!" मोबाइलवाल्यानं केला. वीटवाला पोट्टा तसाच उभा राहिला थोडा वेळ, मग वीट टाकली आणि तुटलेली चप्पल शोधायला लागला.