सुट्टीतल्या पुस्तकाला वर्कशीट कशाला?

आज दुपारी भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली, बहिणीने मला फॉरवर्ड केली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. पोरगी यंदा नववीत जाणार. शाळेने सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी दिलीये. श्रीमंत कसं व्हायचं, पहाटे कधी उठायचं, सवयी कशा बदलायच्या, मन खंबीर कसं ठेवायचं. सगळी इंग्रजी. त्यात एक कादंबरी नाही, एक कवितासंग्रह नाही, आणि मराठी पुस्तक तर औषधालाही नाही. शाळा पुण्यात आहे बरं का. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ह्याच शाळेच्या ग्रुपवर फुलांचे फोटो आणि अभिनंदनाचे मेसेज पडत होते.

आणि प्रत्येक पुस्तकासोबत वर्कशीट. लेखकाचं नाव, पानं किती, पाच नवीन शब्द अर्थासहित, 'मला मिळालेला बोध', आणि खाली पालकांची सही. भाचीला फोन केला तर म्हणते, "मावशी, तू कशाला टेन्शन घेतेस, दोन शीट चॅटजीपीटीने भरून पण दिल्या." मला तिचा जराही राग आला नाही. बोध मागितला की बोध तयार करून द्यायचा हे त्या पोरांना आपणच तिसरी-चौथीपासून शिकवलंय.

मी नववीत जाणार होते त्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयातून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी आणली होती. बारीकसं पुस्तक आहे, लवकर संपेल म्हणून उचललं, एवढंच कारण. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा सुरू करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडतो आणि माणसं वाडी सोडून निघून जातात. मी इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी भर उन्हात वाचनालयात जाऊन तिथल्या काकांशी भांडले, असं कसं संपवलं म्हणून, एवढी तालीम बांधली त्याचं काय! काकांनी रजिस्टरमधून मान वर केली, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मग माडगूळकरांचंच अजून एक देऊ का?" बास. काय शिकलीस, आवडलं का, काही म्हणजे काही विचारलं नाही त्यांनी.

आता सांगा, 'बनगरवाडी'चा बोध काय लिहायचा त्या चौकटीत? 1955 पासून लोक वाचतायत ती, आणि दुष्काळाने ओस पडलेली वाडी बघून पोटात जे तुटतं ते दोन ओळीत मावतं का?

मान्य आहे, बाईंच्या वर्गात साठ मुलं असतात, कोणी वाचलं कोणी नाही हे त्यांना कळायला काहीतरी लागतं. इंग्रजीही यायलाच पाहिजे, त्यावर मी वाद घालत नाही. पण म्हणून चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात यशस्वी माणसाच्या सवयी द्यायच्या? प्रेरणादायीच पाहिजे असेल तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आहे ना, 1981 पासून महाराष्ट्रातल्या घराघरात वाचलं जातंय. गुलामीत जन्मलेला मुलगा शास्त्रज्ञ होतो, अजून काय प्रेरणा हवी? यादी करणाऱ्याला ते आठवूही नये ह्याचा संताप येतो मला.

बरं, मी बहिणीला म्हटलं हिला मिलिंद बोकिलांची 'शाळा' दे, नववीतल्याच मुलाची गोष्ट आहे, तर ताई म्हणते त्यात प्रेमप्रकरण आहे गं. अगं ताई, वर्गात काय चाललंय हे त्या पोरीला तुझ्यापेक्षा जास्त माहितीये! त्या कादंबरीत आणीबाणी आहे, घरातली मोठी माणसं काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात ते आहे, मित्र आहेत, आणि हो, एक मुलगी आवडणं पण आहे. त्या वयात आवडतंच कोणीतरी. दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन म्हटलं की लगेच "पोरांना झेपणार नाही". जात त्यांना बाकावर बसल्या बसल्या भेटते, ती झेपते, आणि पुस्तक झेपत नाही? नाही झेपलं तर मिटून ठेवतील, दोन वर्षांनी परत उघडतील. वाचनालयातल्या त्या काकांनी मला कधी 'हे तुझ्या वयाचं नाही' म्हटलं नाही, आणि माझं काही वाकडं झालं नाही.

जरा शांत होऊन लिहिते. माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. ती सुट्टी लागायच्या आधी शेवटच्या तासांना एखादी कादंबरी मोठ्याने वाचायला घेते आणि अगदी रंगात आली की थांबते. पुस्तक टेबलावर ठेवते, म्हणते ज्याला पुढचं पाहिजे त्याने घेऊन जा, पान दुमडू नका. पोरं आपसात नंबर लावतात. वर्कशीट नाही, सही नाही. जूनमध्ये पुस्तक परत येतं तेव्हा त्याचं कव्हर सुटलेलं असतं, कडांना आंब्याचे डाग असतात, आणि ती मला तो फोटो पाठवते. वर्गातली सगळी वाचतात असं नाही, ती स्वतःच सांगते. पण जी वाचतात ती तिला रस्त्यात गाठून भांडतात, बाई त्याने असं का केलं. हे ऐकलं की मला आमच्या वाचनालयाचं ते लाकडी काउंटर आठवतं आणि खरंच भरून येतं.

यादी द्याच, ज्या घरात पुस्तकच नाही तिथे यादीचा आधार असतो. पण यादीत चाळीस नावं द्या, मराठी, हिंदी, इंग्रजी, भुताची, शिकारीची, विज्ञानकथा, आत्मचरित्रं, आणि सांगा की ह्यातलं वाटेल ते एक घ्या, किंवा ह्यातलं एकही नको असेल तर तुमचं तुम्ही शोधा. आणि शाळेच्या कपाटाची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते तेही यादीच्या खाली लिहा.

भाचीला मी उद्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत नेतेय, पैसे तिच्या हातात देणार, काय घेते ते तिचं ती बघेल. आणि जूनमधल्या पालकसभेला ताईबरोबर मी पण जाणार आहे, वर्कशीट बंद करा म्हणून लेखी अर्ज देणार आहे. त्या शाळेत ज्यांची मुलं आहेत त्यांनी सही करायची असेल तर मला फोन करा.