ज्यांना मतच नव्हतं, त्यांचा गव्हर्नर

ब्राझीलच्या मिगेल अराइस यांच्याबद्दल कुणी विचारलं की १ एप्रिल १९६४ ची गोष्ट सांगितली जाते. लष्कराने सत्ता घेतली होती. पर्नाम्बुको राज्याच्या या लोकांनी निवडून दिलेल्या गव्हर्नरला राजधानी रेसिफेच्या राजवाड्यातच सैनिकांनी वेढलं होतं. राजीनामा द्या, घरी जा, असा निरोप आला. त्यांनी नकार दिला. मग अटक, फर्नांडो दे नोरोन्हा बेटावरची कैद, आणि १९६५ पासून १९७९ पर्यंत अल्जीरियात परागंदा आयुष्य.

धाडसाचंच काम ते. पण मला त्याच्या आधीचं एक वर्ष जास्त मोठं वाटतं.

पर्नाम्बुको म्हणजे ऊस. किमान वेतनाचा कायदा ब्राझीलमध्ये १९४० पासून होता, पण उसाच्या फडात तो पोचलाच नव्हता. मजुरांनी संप केला की पोलीस मालकांच्या बाजूने उतरायचे. १९६३ साली अराइस गव्हर्नर झाले आणि त्यांनी हे थांबवलं. कारखानदार आणि मजूर संघटनांना समोरासमोर बसवलं आणि किमान वेतन द्यायला लावलं. असलेला कायदा पाळायला लावला, बस! एवढ्यावरून त्यांना कम्युनिस्ट ठरवण्यात आलं.

आणि हे कुणासाठी? त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता. फडातले बहुसंख्य मजूर निरक्षर. म्हणजे ज्यांच्यासाठी या माणसाने कारखानदारांचं वैर पत्करलं, त्यांच्याकडून एक मतही मिळणार नव्हतं. मला यापुढे बोलायला शब्द सुचत नाहीत.

ते देव नव्हते. १९९५ ते १९९८ च्या तिसऱ्या कारकिर्दीत सरकारी रोख्यांमधल्या कथित गैरव्यवहाराचं प्रकरण गाजलं, आणि तेव्हा अर्थखातं होतं त्यांच्या नातवाकडे, एदुआर्दो कांपोस यांच्याकडे. घराणेशाही ती घराणेशाहीच, माणूस आवडता असला तरी. १९९८ साली लोकांनी त्यांना पाडलं, तेही जुने सहकारी जार्बास व्हास्कोन्सेलोस यांच्याकडून.

तरी मी पुन्हा पुन्हा १९८६ कडे वळतो. आदल्याच वर्षी निरक्षरांना मताचा अधिकार मिळाला होता आणि सत्तरीला आलेले अराइस पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभे होते. ते जिंकले. १९६३ साली ज्याच्या हातात पहिल्यांदा पुरी मजुरी पडली, तो पस्तिशीतला गडी आता साठीला टेकला होता. अराइसना मत द्यायची त्याची ही पहिलीच वेळ.