आत्ताच तर होता!

पहाटे चारला उठायचं, भरतीची वेळ बघायची, गुडघाभर चिखल तुडवत पक्षी बघायला किनारा गाठायचा, आणि तिथे जमलेल्या फोटोवाल्यांकडून कानावर काय पडतं? "अरेरे, पाच मिनिटं आधी यायला हवं होतंस. आत्ताच उडाला." उडाला? उडवलात तुम्ही!

या मोसमातला हा तिसरा दुर्मीळ पाहुणा. पहिल्याला फोनवर त्याच्याच जातीची शीळ ऐकवून ऐकवून पळवला, दुसऱ्यावर ड्रोन सोडला. आजचा मला लांबून चार सेकंद दिसला. एका पायावर उभा, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, डोळा अर्धा मिटलेला. तेवढ्यात एक महाशय हातभर लांबीची लेन्स घेऊन पळत सुटले. अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे. उघड्या वाळूवर!

अहो, हे पक्षी येतात कुठून, याची काही कल्पना? २०२२ साली पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्काहून टास्मानियाला गेला. सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न टेकता. वय पाच महिने! एवढं उडून आलेल्या जिवाला भरती उतरेपर्यंत डुलकीही काढू द्यायची नाही? आपण जिना चढलो तरी आधी पंखा लावतो.

फोटो तरी धड येतो का? शेपटीचा येतो. धूसर.

उद्या पुन्हा जातोय. कुठे, ते कुणालाही सांगणार नाही.