चतुर, गाडीची चकाकी आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पुणेकर’ यांस,

चतुर (ड्रॅगनफ्लाय, पाण्यात अंडी घालणारा किडा) पार्किंगमधल्या गाड्यांवर अंडी का घालतात, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “गाडी चकाकते म्हणून चतुर येतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात ध्रुवित प्रकाश घुसडून पांडित्य मिरवायची हौस कशाला? लेख लांबलचक, आकृती एकही नाही. माणसाला जे दिसत नाही ते किड्याला दिसतं, हे कुणी पाहिलंय?”

आकृती हवी होती, मान्य. आता काढून लेखात घालते.

‘घुसडून’ आणि ‘हौस’ हे शब्द मात्र लागले. पुण्यातल्या एका कॉलेजात मी आयुष्यभर प्रकाशशास्त्र शिकवलं. वेड्यावाकड्या शंका काढणाऱ्या मुलांना मी कधी गप्प बसवलं नाही, उलट तीच मुलं मला आवडायची. पण शंका कुठे संपते आणि हेटाळणी कुठे सुरू होते, एवढं इतक्या वर्षांत कळायला लागलंच की. टोपणनावाआडून दुसऱ्याची हौस काढणं मला तरी शोभलं नसतं.

आता तुमची चकाकी आणि तो ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात तो. 1998 साली हंगेरीत क्रिस्का, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेफ्लाय या पाणकिड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे किडे ओढा सोडून डांबरी रस्त्यावर अंडी घालत होते. संशोधकांनी जमिनीवर वेगवेगळे पृष्ठभाग अंथरून पाहिले. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर किडे तुटून पडले. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलकडे फिरकले नाहीत, चकचकीत पांढऱ्या प्लास्टिककडेही नाहीत. फॉइल काय कमी चकाकते? पण धातूवरून परतणारा प्रकाश फारसा ध्रुवित होत नाही. पाण्यावरून परतणारा होतो, तोही आडव्या दिशेने, आणि पाणकिड्यांसाठी पाण्याची खूण तीच. 2007 मध्ये याच होर्वाथ यांच्या गटाने दाखवलं की स्मशानभूमीतल्या गुळगुळीत काळ्या दगडांवर चतुर याच कारणाने घुटमळतात.

गाडीच्या रंगाचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. काळ्या रंगात शिरलेला प्रकाश आतच शोषला जातो. बाहेर येतो तो फक्त वरच्या पातळ थरावरून परावर्तित झालेला, म्हणजे भरपूर ध्रुवित. पांढऱ्या रंगात शिरलेला प्रकाश विखरून परत येतो आणि त्यात ध्रुवण विरघळून जातं. लाल रंग निळा आणि अतिनील प्रकाश गिळतो. ज्यांचे डोळे ध्रुवण याच पट्ट्यात ओळखतात, त्या किड्यांना लाल गाडी काळ्या गाडीसारखीच फसवते. नुसत्या चकाकीने यातलं काय उलगडतं, सांगा.

हे पुस्तकातच राहू नये म्हणून पोलरॉइड गॉगल (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा) लावून पाषाण तलावाच्या काठी उभे राहा. मान तिरकी करा. पाण्यावरची झळाळी कमीजास्त होईल. मग काळ्या गाडीच्या बॉनेटकडे पाहा, तिथेही होईल. घरी येऊन स्टीलच्या पातेल्याकडे पाहा. तिथे जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. मी हे विद्यार्थ्यांना दाखवलं आहे, शेजाऱ्यांना दाखवलं आहे, तुम्हालाही दाखवेन.

“कुणी पाहिलंय” याचं उत्तर एका ओळीत : कार्ल फॉन फ्रिश यांनी 1949 मध्ये मधमाश्यांच्या आडव्या पोळ्यावर पोलरॉइड धरून फिरवला आणि माश्या ज्या नाचाने अन्नाची दिशा सांगतात त्या नाचाची दिशा बदलली. लांबीबद्दल काही बोलत नाही. वाचायची सक्ती नव्हती.

बॉनेटवर घातलेली अंडी उन्हात करपून जातात. चतुराची मादी तिथे पुन्हा पुन्हा पोटाचं टोक टेकवत राहते ते मला बघवत नाही, म्हणून तो लेख लिहिला होता. मिरवायला नाही. फॉइलच्या प्रयोगावर तुमचं काही म्हणणं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या हौसेवर असेल तर ती प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.