पेन्शनच्या अर्जात मालकाचं नाव कशाला?

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दलचा एक मजकूर इंग्रजीत वर्षानुवर्षं फिरतोय, आणि अधूनमधून मराठीत उतरून आपल्याकडच्या इतिहासप्रेमी गटांतही येऊन पडतो. त्याचा गोषवारा असा: ‘१८६१ ते १८६५ च्या युद्धात हजारो कृष्णवर्णीय लोक दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैन्यातून स्वखुशीने लढले. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी त्यांना गोऱ्या सैनिकांसारखीच पेन्शन दिली. त्याचे सरकारी कागद आहेत. तेव्हा युद्ध गुलामगिरीसाठी झालं ही जेत्यांची थाप आहे.’ सोबत एक-दोन जुने फोटो, आणि खाली ठरलेली ओळ: हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत.

कागद आहेत, हे खरंच आहे. राज्यांच्या अभिलेखागारांत ते सांभाळून ठेवलेत आणि कोणालाही पाहता येतात. मजकूर लिहिणाऱ्याने मात्र ते उघडून वाचलेले दिसत नाहीत.

‘पेन्शन मिळाली, म्हणजे ते सैनिकच होते’

आधी ही पेन्शन दिली कोणी ते पाहू. वॉशिंग्टनचं केंद्र सरकार फक्त आपल्या, म्हणजे उत्तरेच्या सैनिकांना पेन्शन देत होतं. हरलेल्या बाजूच्या सैनिकांसाठी दक्षिणेतल्या एकेका राज्याने आपापल्या तिजोरीतून सोय केली. सैन्याबरोबर गेलेल्या गुलामांना त्यात घेणारं पहिलं राज्य मिसिसिपी, १८८८ साली. त्यानंतर तीस वर्षं सामसूम. मग टेनेसी १९२१, साउथ कॅरोलायना १९२३, व्हर्जिनिया १९२४ आणि नॉर्थ कॅरोलायना १९२७. झाली पाच राज्यं.

आता या कायद्यांत पात्र कोण ते बघा. व्हर्जिनियाच्या कायद्यात यादीच आहे: अंगावरची कामं करणारे चाकर, आचारी, घोड्यांचे मोतद्दार, गाडीवान आणि मोर्चेबंदीसाठी खोदकाम केलेले मजूर. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा मालकांबरोबर युद्धावर गेलेल्या कृष्णवर्णीय चाकरांबद्दल बोलतो. साउथ कॅरोलायनाने १९२३ मध्ये दार जरा जास्तच उघडलं, अर्जांची रीघ लागली, आणि दुसऱ्याच वर्षी कायदा आवळला. मजूर आणि गाडीवान वगळले गेले. उरले फक्त खासगी चाकर आणि छावणीतले पुरुष आचारी, तेही किमान सहा महिने चाकरी केलेले. म्हणजे ज्याने खंदक खणले त्याला काही नाही, आणि ज्याने मालकाचे बूट पुसले त्याला पेन्शन. सैन्याला कोणाचा उपयोग किती झाला हा हिशेब इथे नव्हताच. मालकाच्या किती जवळ होतास, एवढंच पाहिलं गेलं.

मिसिसिपीत चाकरांसाठी अर्जाचा नमुनाच वेगळा होता. गोऱ्या सैनिकाने आपली पलटण कोणती ते लिहायचं. चाकराने लिहायचं ते आपण कोणाची चाकरी केली आणि तो गृहस्थ कोणत्या पलटणीत होता. टेनेसीच्या अर्जावर तर ‘कृष्णवर्णीय माणसाचा पेन्शन अर्ज’ असा मथळाच छापलेला असे. आपली चाकरी खरी आहे हे पटवण्यासाठी साक्षीदार लागत, आणि ते बहुतेक वेळा गोरे माजी सैनिक किंवा मालकाच्या घरचेच असत. ‘गोऱ्या सैनिकांसारखीच पेन्शन’ म्हणाल, तर व्हर्जिनियात चाकराला मिळत होते वर्षाला २५ डॉलर. महिन्याचे दोन डॉलर आणि वर थोडी चिल्लर.

सैन्याबरोबर असणं आणि सैन्यात असणं यातला फरक खरं तर मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पानिपतावर भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर किती बुणगे होते, यावर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घालतोय, पण त्यांना कोणी लढवय्यांत धरत नाही. आणि बुणग्यांतले बहुतेक निदान कोणाच्या मालकीचे तरी नव्हते.

‘हजारो’

इतिहासकार जेम्स हॉलंड्सवर्थ यांनी पाचही राज्यांचे मंजूर अर्ज मोजले. ते भरले सुमारे २,८००, पैकी १,७०० हून जास्त एकट्या मिसिसिपीचे. पेन्शन मिळेपर्यंत बहुतेक जण मेलेले होते, त्यामुळे युद्धावर नेलेले गुलाम याच्या कितीतरी पट असणार, यात वाद नाही. कॉन्फेडरेट राज्यांत गुलामच सुमारे ३५ लाख होते. त्यांना मालकाने नेलं, किंवा सरकारने वेठीला धरून नेलं. कोणत्याही वाटेने गेले तरी त्यांचा आकडा सैनिकांच्या खात्यात पडत नाही.

‘फोटोत तर हातात शस्त्र आहे’

सगळ्यात जास्त फिरणारा फोटो सायलस चँडलरचा. १८६१ च्या सुमाराचा, पत्र्यावर उतरवलेला. दोन तरुण शेजारी बसलेत, गोरा अँड्र्यू चँडलर आणि कृष्णवर्णीय सायलस. दोघांच्या अंगावर लष्करी थाटाचे कपडे, हातात सुरे, सायलसच्या मांडीवर आडवी बंदूक. खाली लिहिलेलं असतं: दोन मित्र, दोन सैनिक.

सायलस हा अँड्र्यूच्या घरचा गुलाम, त्याच्याहून काही वर्षांनी मोठा. अँड्र्यू मिसिसिपीच्या ४४ व्या पायदळ पलटणीत भरती झाला, सायलसला त्याच्याबरोबर धाडलं. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत अँड्र्यूचा पाय जायबंदी झाला, तेव्हा सायलसने त्याला घरी आणलं. मग अँड्र्यूचा धाकटा भाऊ घोडदळात गेला आणि सायलसला त्याच्या दिमतीला दिलं. घरातली दोन मुलं आळीपाळीने युद्धावर गेली, आणि चाकर मात्र दोघांना एकच. याला भरती म्हणत नाहीत.

‘मग तो पळून का गेला नाही?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. सायलसची बायको मागे मिसिसिपीत होती. स्वतःच्या माणसांवर तुळशीपत्र ठेवून किती जण पळाले असते?

१९१६ साली सायलसने मिसिसिपीत पेन्शनचा अर्ज केला, तो चाकराच्या नमुन्यावर. १९१९ मध्ये तो वारला. १९९४ मध्ये दक्षिणेचा अभिमान मिरवणाऱ्या संघटनांनी त्याच्या कबरीवर कॉन्फेडरेट सैनिकाचा लोखंडी क्रूस बसवला, तेव्हा त्याच्या वंशजांतूनच विरोध झाला. मूळ फोटो आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

दुसरा फोटो तर सरळ बनावट. रांगेत उभे कृष्णवर्णीय सैनिक, खाली ‘लुइझियाना नेटिव्ह गार्ड, १८६१’. मूळ फोटो फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेनमधला, म्हणजे उत्तरेच्या सैन्याचा. कडेला उभा असलेला उत्तरेचा गोरा अधिकारी कापून टाकला आणि नवी ओळ चिकटवली. नेटिव्ह गार्ड नावाची स्वतंत्र कृष्णवर्णीयांची तुकडी न्यू ऑर्लिन्समध्ये खरोखर होती, पण ती राज्याची मिलिशिया, म्हणजे स्थानिक नागरिकांची फौज. कॉन्फेडरेट सैन्याने तिला कधी घेतलंच नाही. शहर पडल्यावर १८६२ मध्ये तिच्यातले काही जण उत्तरेच्या बाजूने भरती झाले.

‘फ्रेडरिक डग्लसनेच लिहून ठेवलंय’

लिहिलंय, सप्टेंबर १८६१ मध्ये, की दक्षिणेच्या सैन्यात कृष्णवर्णीय लोक खांद्यावर बंदुका घेऊन उभे आहेत. डग्लस म्हणजे गुलामगिरीतून निसटलेला आणि तिच्याविरुद्ध झुंजणारा कृष्णवर्णीय नेता. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या मागे लागला होता: आमच्या लोकांना तुमच्या सैन्यात घ्या. शत्रू घेतोय आणि तुम्ही घेत नाही, हा त्या मागणीतला टोमणा होता. तो काही रणांगणावरचा बातमीदार नव्हता.

आघाडीवर असलेल्याचं ऐकायचं असेल तर जॉन पार्कर आहे. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत या गुलामाला तोफेवर राबवलं होतं. म्हणजे गुलामाने तोफ चालवल्याची उदाहरणंही आहेत, ती लपवायचं कारण नाही. पुढे तो निसटून उत्तरेत आला आणि त्याने सांगितलं की तोफ चालवताना आम्ही मनातून उत्तरच जिंकावी असं म्हणत होतो. रॉबर्ट स्मॉल्स तर कॉन्फेडरेट जहाजावर सुकाणू धरत होता. मे १८६२ मध्ये एका पहाटे त्याने ‘प्लँटर’ हे जहाजच चार्ल्सटन बंदरातून काढलं, त्यावर बायकामुलांना घेतलं आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. आदल्या दिवशीपर्यंत तोही ‘कॉन्फेडरेट सेवेत’ होता. उत्तरेच्या पायदळ-घोडदळात पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय भरती झाले, त्यातले बरेचसे दक्षिणेतून निसटलेले.

‘कॉन्फेडरेट काँग्रेसने कायदाही केला होता’

केला होता, गुलामांना सैनिक म्हणून भरती करण्याचा. १३ मार्च १८६५ ला. राजधानी रिचमंड पडली ३ एप्रिलला. तीन आठवड्यांत थोडी कवायत झाली, बाकी काही नाही. कॉन्फेडरेट जनरल क्लेबर्नने हीच सूचना जानेवारी १८६४ मध्ये केली होती, ती कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने दाबून टाकली. आणि जानेवारी १८६५ मध्ये जॉर्जियाच्या जनरल हॉवेल कॉबने कॉन्फेडरेट युद्धमंत्र्याला कळवलं की गुलाम जर चांगले सैनिक ठरणार असतील, तर गुलामगिरीबद्दलचा आपला सगळा सिद्धांतच चुकीचा आहे. पलटणींत आधीच हजारो कृष्णवर्णीय लढत असते, तर हे बडे लोक चार वर्षं भांडत कशावर होते?

‘युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच’

यावर फार शाई खर्चायला नको. संघराज्यातून फुटताना १८६१ मध्ये मिसिसिपीने कारणं जाहीर केली, त्यात पहिल्याच झटक्यात सांगितलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. गुलामांना सर्वांत जास्त पेन्शनी देणारं राज्य ते हेच. पुण्यात बसलेल्या जोतीरावांनाही याबद्दल शंका नव्हती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना.

‘पेन्शन दिली, म्हणजे कृतज्ञता होती’

मला यातला सगळ्यात बोलका मुद्दा हाच वाटतो. तीस वर्षं गप्प बसलेल्या राज्यांना १९२० च्या दशकात अचानक माया कुठून आली? याच दशकात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवलेला होता, रेल्वेचे डबे आणि शाळा वेगळ्या होत्या. याच काळात ‘इमानी गुलामा’ची स्मारकं हवीशी वाटत होती. साउथ कॅरोलायनाने पेन्शन सुरू केली त्याच वर्षी, १९२३ मध्ये, गोऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय दायांचा पुतळा वॉशिंग्टनमध्ये उभारायला सिनेटने मंजुरी दिली होती. कृष्णवर्णीय वृत्तपत्रं आणि संघटनांनी झोड उठवली आणि प्रतिनिधिगृहात ते बारगळलं. ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला वर्षाला २५ डॉलर देऊन जुन्या व्यवस्थेला ‘आमचे लोक सुखात होते’ असा दाखला मिळणार असेल, तर सौदा स्वस्तच म्हणायचा. ज्याने अर्ज केला त्याला मी नावं ठेवणार नाही. आयुष्यभर राबूनही हाताशी काही न उरलेल्या माणसाने मिळतील ते पैसे घेतले.

ही दानत हक्काने मागणाऱ्यांच्या वाट्याला आली नाही. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये कॅली हाऊस नावाची एक विधवा राहायची. जन्म गुलामगिरीतला, पोट कपडे धुण्या-शिवण्यावर. १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गुलाम राहिलेल्या सगळ्यांसाठी केंद्र सरकारकडून पेन्शन मागणारी संघटना उभी केली. मागणी चाकरीच्या बक्षिसाची नव्हती, फुकट राबवून घेतल्याच्या भरपाईची होती. टपाल खात्याने १८९९ मध्येच तिच्या संघटनेची पत्रं अडवायला सुरुवात केली. १९१५ मध्ये तिच्या बाजूच्या लोकांनी सरकारवर दावा लावला: गुलामांनी पिकवलेल्या कापसावर सरकारने गोळा केलेल्या कराचे ६ कोटी ८० लाख डॉलर आम्हाला द्या. सरकारवर असा दावा चालत नाही म्हणून तो फेटाळला गेला. मग तिच्यावरच टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरला. सरकार असली पेन्शन कधीच देणार नव्हतं, तरी आशा दाखवून वर्गणी गोळा केली, असा आरोप. १९१७ मध्ये तिला एक वर्षाची शिक्षा झाली.

चारच वर्षांनी तिच्याच राज्याने ‘कृष्णवर्णीय माणसाचा पेन्शन अर्ज’ छापला, मालकाबरोबर युद्धावर गेलेल्यांसाठी. कॅली हाऊस १९२८ मध्ये वारली. तिच्या संघटनेने मागितलेली पेन्शन अमेरिकन काँग्रेसने ना तेव्हा मंजूर केली, ना नंतर कधी.