‘एकट्या कोठडीत ठेवा’ म्हणणाऱ्यांसाठी

नव्याने भरती झालेल्या तुरुंग रक्षकांच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड फिरतोय आणि आमच्या ओळखीची पोरंही तो खरा मानून बसलीत. म्हणे रक्षकांना मानसिक संकटाचं प्रशिक्षण देणं फुकट आहे. बंदी वेड पांघरून पेडगावला जातात, आत्महत्येबद्दल विचारलं की नसता विचार डोक्यात शिरतो, शंका आली तर एकट्या कोठडीत ठेवा, बाकी डॉक्टर बघतील.

आधी कोठडीचं, कारण माणसं मरतात ती याच सल्ल्याने. बराकीत निदान शेजारचा आरडाओरडा करतो. श्वास कोंडला तर मेंदूला इजा व्हायला ४ मिनिटं पुरतात. मग १५ मिनिटांची गस्त काय कामाची? धोका तातडीचा असेल तर समोर माणूसच बसवावा लागतो, नजर न हटवता. धोका त्याहून कमी असेल तर गस्त १५ मिनिटांच्या आत, पण घड्याळाच्या ठोक्याला नाही, वेळ मागेपुढे करत. नुसतं डोकावून पुढे जायचं नाही. छाती हलतेय का बघायचं, जागा असेल तर दोन शब्द बोलायचे, वेळ तिथल्या तिथे लिहायची. पाळी संपताना एका दमात भरलेली १०, १०.१५, १०.३० अशी नोंदवही लगेच ओळखू येते. आणि कॅमेरा आहे म्हणाल, तर कॅमेऱ्याला दार उघडता येत नाही. बंद्यांना कसं वागवायचं याचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम काढून बघा: एकांतवासाने त्रास बळावणार असेल तर मानसिक आजार असलेल्या बंद्याला त्यात ठेवू नये, असं नियम ४५ सांगतो. रक्षकांना मानसिक त्रास लवकर ओळखायला शिकवा, हे नियम ७६ मध्ये आहे.

सोंग काही जण घेतात, मान्य. पण आत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरताहेत, घाम फुटलाय, भिंतीवर किडे दिसताहेत, ही दारू अचानक तुटल्याची लक्षणं असू शकतात आणि ती जिवावर बेततात. रक्तातली साखर उतरलेला माणूसही असाच बरळतो. बोटाला सुई टोचली की मिनिटभरात कळतं. अशाला सोंगाड्या समजून चौघांनी पालथं पाडलं आणि पाठीवर भार दिला, तर श्वासच थांबू शकतो.

विचारल्याने विचार शिरत नाही. एकानेच बोलायचं, हळू आवाजात, बाकीच्यांनी मागे सरकायचं. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारायचं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही.

डॉक्टर बघतील, पण रात्री २ वाजता दाराशी रक्षकच असतो.

अर्ध्या दिवसाचं भाषण आणि हजेरीपटावर सही, हे मात्र खरंच फुकट. सराव हवा, तोही रात्रपाळीत. फास कापायची सुरी कपाटात आणि कपाटाची किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात, हे तेव्हाच कळतं.