हरणार हे ठरवलं कोणी?

‘जिंकता येणार नाही अशी लढाई लढणं म्हणजे शौर्य नव्हे, मूर्खपणा.’ या वाक्यानं सुरू होणारा एक उपदेश हल्ली सारखा कुणी ना कुणी पुढे पाठवत असतं. शब्द थोडे बदलतात, पण खालचे मुद्दे तेच असतात. शक्यता नसेल तर प्रयत्न वाया. हरलेल्याला कोणी विचारत नाही. तीच ताकद जिथे उपयोग होईल तिथे लावा. हरत्या लढाईत साधी माणसं भरडली जातात. आणि शेवटी, जे व्हायचं ते वेळ आली की आपोआप होतं.

यातला एक मुद्दा मला बराचसा मान्य आहे, तो पुढे येईलच. बाकीचे ऐकायला मोठे व्यवहारी वाटतात, पण हिशेबाला बसलं की जुळत नाहीत.

‘यशाची शक्यता शून्य असेल तर प्रयत्नांचं मोलही शून्य.’

गणित म्हणून बिनचूक. शून्यानं कशालाही गुणा, शून्यच येणार. माझा प्रश्न एवढाच, की हा शून्य आणला कुठून?

खरोखर अशक्य अशा गोष्टी जगात आहेत. फक्त कंपास आणि पट्टी वापरून दिलेल्या वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, हे कोडं माणसांनी दोन हजार वर्षांहून जास्त काळ उराशी बाळगलं. त्याच्या ‘उकली’ इतक्या येऊ लागल्या की पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्ये त्या तपासायच्याच नाहीत असं ठरवून टाकलं. पुढे १८८२ मध्ये लिंडेमान या जर्मन गणितज्ञाच्या सिद्धतेनं असा चौरस काढता येणारच नाही हे पक्कं झालं. त्यानंतरही जो कंपास घेऊन बसला त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे, आदर नाही.

जाता जाता एक. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ आपण चिकाटीचा मंत्र म्हणून मुलांना पाठ करायला लावतो. पण श्लोक पुढे वाचला तर तो चिकाटीबद्दल नाहीच. वाळूतून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, सशाला शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे वाळूचं तेल तिथे आलंय ते अशक्याचा नमुना म्हणून! अर्धी ओळ उचलून आपण तिचा अर्थ उलटा केला. तेव्हा ‘काहीही शक्य असतं’ असं मी म्हणणार नाही. वाळूत तेल नसतं.

पण लोक ज्याला ‘आशा नाही’ म्हणतात त्यातल्या बहुतेक गोष्टी वर्तुळाच्या चौरसासारख्या नसतात. तिथे अशक्यतेची सिद्धता कुणाकडेच नसते. असतो तो फक्त ‘आजवर झालं नाही’ एवढाच पुरावा.

देवीच्या रोगाचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५५ मध्ये मलेरिया जगातून हद्दपार करायची मोहीम काढली होती. ती फसली, आणि १९६९ मध्ये ते ध्येय सोडून द्यावं लागलं. मलेरियाची ही दमछाक चालू असतानाच, १९६७ मध्ये, देवीविरुद्ध नव्या जोमानं मोहीम सुरू झाली. संघटनेचे तेव्हाचे महासंचालक मार्कोलिनो कांदाऊ यांनाच हे जमेल असं वाटत नव्हतं. त्यांची शंका वाऱ्यावरची नव्हती. सगळ्या लोकसंख्येला लस टोचत सुटायचं ही जुनी पद्धत होती, आणि दाट वस्तीच्या देशांत भरपूर लसीकरण होऊनही साथी येतच होत्या.

मग फरक कशानं पडला? पूर्व नायजेरियात लस पुरेना. तेव्हा विल्यम फेगी या डॉक्टरनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाइलाजानं वेगळं काही करून पाहिलं. सगळ्यांना टोचत बसण्याऐवजी रोगी कुठे आहे ते शोधायचं आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना तेवढी लस द्यायची. साथ थांबली. हीच पद्धत मग इतरत्र गेली. नैसर्गिकरीत्या झालेल्या देवीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. ध्येय अशक्य नव्हतं, रीत चुकत होती. आणि रीत चुकतेय हे मैदानात असलेल्यांनाच कळलं, बाहेर बसून शक्यता मोजणाऱ्यांना नाही.

नारूचं तर याहून अवघड. त्यावर ना लस, ना औषध. १९८६ च्या सुमाराला जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता. हाताशी होतं काय, तर पाणी कापडातून गाळून प्यायचं आणि पायातून जंत बाहेर येत असलेल्या माणसाला पाणवठ्यात उतरू द्यायचं नाही, एवढंच. २०२३ मध्ये जगभरात माणसांमधले रुग्ण होते १४. काम अजून संपलेलं नाही, कारण कुत्र्यांमध्येही तो जंत सापडू लागला आहे. पण ३५ लाखांवरून १४ वर आलेल्या कामाला ‘वाया’ कोण म्हणेल?

या मुद्द्यातली खरी चूक आणखी खोल आहे. यशाची शक्यता हा हवामानाचा अंदाज नव्हे. पाऊस पडणार नाही असं मी म्हटल्यानं ढग माघारी जात नाहीत. पण ‘काही होणार नाही’ हे दहा जणांना पटलं की ते दहा जण घरी बसतात, आणि मग खरंच काही होत नाही. अंदाज करणाराही त्या हिशेबातलाच एक आकडा असतो. स्वतःला वगळून बेरीज करायची आणि उत्तर कमी आलं म्हणून उठून जायचं, याला व्यवहार कसं म्हणायचं? शिवाय ‘काही उपयोग नाही’ हे वाक्य ज्याच्याविरुद्ध लढायचं त्याच्या फारच सोयीचं असतं. ते पसरवायला त्याला खर्चही करावा लागत नाही.

‘हरलेल्याला कोणी विचारत नाही.’

२८ एप्रिल १९७६. आणीबाणी चालू आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न असा, की विनाचौकशी डांबलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून कोर्टात दाद तरी मागता येईल का? देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी ‘येईल’ असं म्हटलं होतं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारलं होतं, की उद्या एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? तरीही दाद मागता येणार नाही, असं उत्तर आलं. निकाल लागला चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे खन्ना.

या निकालपत्रामुळे आपलं सरन्यायाधीशपद जाणार हे त्यांना निकालाआधीच माहीत होतं. ती किंमत मोजावीही लागली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. आता पुढचं बघा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तरतूद केली. आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं १९७६ चा तो बहुमताचा निकाल चुकीचा होता असं सांगून रद्द ठरवला. हे सांगणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील होते. आज त्या चौघांची बाजू मांडायला कुणी उभं राहत नाही. लोक वाचतात ते त्या हरलेल्या एकाला.

आता यावर कुणी म्हणेल, की शेवटी खन्ना जिंकलेच की, मग ही लढाई निराशेची कुठे होती? आज मागे वळून पाहताना नव्हती. १९७६ मध्ये होती. मुद्दा तोच तर आहे.

ज्यांना हे नंतरचं कौतुकही डोळ्यांनी बघता आलं नाही अशांचं काय? र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं खुद्द बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे वारले तोवर निघत राहिलं. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५२ मध्ये, भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. हा कार्यक्रम कर्व्यांमुळेच आला असा दावा मी करणार नाही, धागे इतके सरळ नसतात. पण संततिनियमन हा जो शब्द उच्चारला म्हणून नोकरी गेली तो पुढे सरकारी भिंतींवर रंगला. अधल्यामधल्या काळात तो शब्द उच्चारत राहणारं कुणीतरी लागतंच, आणि त्या कुणीतरीला लोकांनी चक्रम ठरवलं होतं.

काही ठिकाणी तर जिंकणं हे मापच लागू होत नाही. एप्रिल १९४३ मध्ये वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, काहीशे ज्यू तरुणतरुणी पिस्तुलं आणि घरगुती बाँब घेऊन जर्मन फौजेसमोर उभे राहिले. आपण जिंकू असं त्यांच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं, हे त्यातून वाचलेल्या मारेक एडेलमान यांनी नंतर स्पष्टच सांगितलं. मरण ठरलेलंच होतं. कसं मरायचं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. त्यांना ‘शक्यता बघा’ असं सांगायला कुणाची जीभ रेटेल?

‘तीच ताकद जिथे उपयोग होईल तिथे लावा.’

हा सल्ला देणाऱ्याला मी एकच विचारतो, की तुमची ताकद सध्या कुठे लागली आहे? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला ताकद लागत नाही. आणि माणसाची उमेद काही कणगीतलं धान्य नव्हे, की इकडून काढून तिकडे ओतलं. ज्या गोष्टीनं माणसाची झोप उडते तिच्यासाठी तो राबतो. तिच्यापासून तोडलंत तर तो दुसऱ्या ‘उपयुक्त’ कामाला जाईलच असं नाही. बहुधा तो नुसता बसेल. सगळ्यांनीच हा सल्ला मानला तर आणखी एक गंमत होईल. ज्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय झालाय, ज्यांची बाजू सर्वांत दुबळी आहे, नेमक्या त्यांच्याच वाट्याला कुणी येणार नाही.

‘हरत्या लढाईत साधी माणसं भरडली जातात.’

मला मान्य असलेला मुद्दा हा.

हिरू ओनोदा हा जपानी अधिकारी फिलिपाइन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढत राहिला. महायुद्ध संपून २९ वर्षं झाली होती. युद्ध संपल्याची पत्रकं त्यानं शत्रूचा डाव म्हणून बाजूला सारली. अखेर त्याच्या जुन्या वरिष्ठाला तिथे नेऊन समोरासमोर हुकूम द्यावा लागला, तेव्हा तो खाली उतरला. जिद्दीची गोष्ट म्हणून ही पुष्कळदा सांगितली जाते. पण त्या वर्षांत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी बेटावरच्या सुमारे तीस लोकांना मारलं, ते सांगताना गळतं. ती माणसं या गोष्टीत कोण होती? त्यांना कुणी विचारलं होतं?

म्हणून माझ्या लेखी पाहायचं ते हे, की हरण्याची किंमत कोण मोजतंय. खन्नांनी स्वतःचं पद घालवलं, कर्व्यांनी स्वतःची नोकरी आणि दंडाचे पैसे. दुसऱ्यांना पुढे करून मागून घोषणा देणारा नेता, किंवा ‘आठ दिवसांत विजय’ असं खोटं सांगून माणसं गोळा करणारा, यांच्या बाबतीत उपदेश करणाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शक्यता कमी आहे हे माणसांच्या तोंडावर सांगावं आणि तरी कोण येतं ते बघावं. नवल म्हणजे लोक येतात. पण यातून निघतं ते एवढंच, की लढाई प्रामाणिकपणे लढावी. लढूच नये असं त्यातून निघत नाही.

‘वेळ आली की आपोआप होतं.’

सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत घातक मुद्दा हाच.

२२ मे १७८७ रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा माणसं जमली आणि गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी त्यांनी समिती काढली. बारांपैकी नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, म्हणजे संसदेत पाऊल ठेवायचीही सोय नसलेले. समोर जहाजमालक, मळेवाले, साखरेचा पैसा आणि त्या पैशावर निवडून येणारे खासदार. संसदेत त्यांची बाजू मांडणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचा ठराव १७९१ मध्ये १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. मग घरोघरी साखर सोडायची चळवळ झाली आणि १७९२ मध्ये संसदेकडे ५१९ अर्ज गेले. इतका रेटा आल्यावर कनिष्ठ सभागृहानं फार हुशारीनं एक शब्द घातला: ‘हळूहळू’. व्यापार बंद करू, पण हळूहळू. तारीखही पडली, १७९६. वरिष्ठ सभागृहानं ते घोंगडं भिजत ठेवलं. दरम्यान फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि असल्या गोष्टी बोलणंही देशद्रोहासारखं वाटू लागलं.

अखेर कायदा झाला १८०७ मध्ये, २८३ विरुद्ध १६ मतांनी. आकडा इतका एकतर्फी, की जणू फळ पिकून पडलं. ‘वेळ आली होती’ असं म्हणणारे याच आकड्याकडे बोट दाखवतात. आणि तेव्हाही बंद झाला तो फक्त व्यापार. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं मोडायला १८३३ उजाडावं लागलं, त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना.

पण मला १८०७ पेक्षा १७९६ महत्त्वाचं वाटतं. सभागृहानं स्वतः ठरवलेली वेळ आली होती. विधेयक मांडलं गेलं, आणि ७४ विरुद्ध ७० मतांनी पडलं. फक्त चार मतं. विल्बरफोर्स यांनी रोजनिशीत नोंदवलं आहे, की आपल्या बाजूचे दहाबारा खासदार गैरहजर होते. कुणी गावी गेले होते, कुणी मौजेला. विधेयक पार पडायला पुरले असते इतके तर त्या संध्याकाळी ऑपेराला बसले होते.